चित्रीकरण मध्येच का थांबते? थांबण्याची वेळच सांगते कारण

नवी दिल्ली : मंगलाष्टके सुरू आहेत, ट्रायपॉडवरील कॅमेरा चालूच असणार असे सर्वांनी गृहीत धरले आहे, आणि घरी आल्यावर लक्षात येते, की अक्षता पडण्यापूर्वीच चित्रीकरण थांबले होते. असा प्रसंग ओढवला की दोष कॅमेऱ्याला दिला जातो आणि तो दुरुस्तीला पाठवला जातो. प्रत्यक्षात अनेकदा कॅमेरा पूर्णपणे सुस्थितीत असतो. चित्रीकरण नेमके किती वेळाने थांबले, एवढे पाहिले तरी कारणाचा माग लागतो.

२९ मिनिटे ५९ सेकंद : कारण कराचे

चित्रीकरण बरोबर या वेळेला थांबत असेल, तर तो बिघाड नव्हे. युरोपीय संघाच्या सीमाशुल्क वर्गवारीत छायाचित्रांचा कॅमेरा आणि व्हिडिओ कॅमेरा यांची गणना वेगळी होत असे. किमान ८०० बाय ६०० पिक्सेलचे आणि सेकंदाला किमान २३ चित्रचौकटींचे चित्रीकरण सलग ३० मिनिटे करू शकणारे उपकरण व्हिडिओ कॅमेरा ठरे व त्यावर आयात शुल्क लागे. छायाचित्रांच्या कॅमेऱ्यावर ते नव्हते. अनेक उत्पादकांनी त्यावर उपाय म्हणून अर्ध्या तासाच्या एक सेकंद आधी थांबणारे कॅमेरे बनवले आणि तेच जगभर विकले. युरोपातील शुल्काचा परिणाम अशा रीतीने भारतातील लग्नमंडपापर्यंत पोहोचला.

जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान कराराचा २०१५ मध्ये विस्तार झाला आणि अशा उपकरणांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने हटवण्याचे ठरले. त्यानंतर आलेल्या अनेक मॉडेलांत ही मर्यादा उरलेली नाही. २०२० मधील सोनी ए७एस-३ हे त्याचे एक उदाहरण. जुन्या कॅमेऱ्यात मात्र कार्ड बदलून उपयोग होत नाही. २५ मिनिटांच्या सुमारास, एखादा विधी संपताच, आपणहून चित्रीकरण थांबवून पुन्हा सुरू करणे हाच सोपा मार्ग आहे.

पाच ते बारा मिनिटे : फाइलचा आकार

दर वेळी साधारण त्याच मिनिटाला चित्रीकरण थांबत असेल आणि फाइलचा आकार ४ जीबीच्या आसपास असेल, तर कारण कार्डावरील नोंदणीच्या पद्धतीत आहे. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डे ‘फॅट३२’ पद्धतीने चालतात. या पद्धतीत फाइलचा आकार ३२ बिटांत नोंदवला जातो. त्यामुळे एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा, म्हणजे ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. २००८ मधील कॅननचा ५डी मार्क-२ हा कॅमेरा फुल एचडी चित्रीकरण सुमारे १२ मिनिटांनी थांबवत असे, ते याच मर्यादेमुळे.

पुढील काळातील बहुतेक कॅमेरे ४ जीबी होताच दुसरी फाइल आपोआप उघडतात. अशा वेळी चित्रीकरण तुटलेले नसते. तुकडे संगणकावर क्रमाने जोडता येतात. ६४ जीबी व त्यापुढील एसडीएक्ससी कार्डांत ‘एक्सफॅट’ पद्धत असल्याने हा अडथळा येत नाही. तथापि, जुना कॅमेरा एसडीएक्ससी कार्ड ओळखतो का, हे खरेदीपूर्वी माहितीपुस्तिकेत पाहावे.

काही सेकंद : कार्डाचा वेग

सुरू केल्यावर काही सेकंदांतच चित्रीकरण थांबत असेल, तर बहुधा कार्ड मंद आहे. कॅमेरा ज्या वेगाने माहिती पाठवतो त्या वेगाने कार्ड ती लिहून घेऊ शकत नाही. मधली तात्पुरती साठवण भरते आणि काम थांबते.

येथे ग्राहकांची गफलत होते ती बिट आणि बाइट यांत. कॅमेऱ्याचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर कार्डाचा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रीकरणासाठी कार्डाने सेकंदाला साडेबारा मेगाबाइट सातत्याने लिहिले पाहिजेत. कार्डावर ठळक छापलेला आकडा बहुधा वाचनाच्या कमाल वेगाचा असतो. पाहायचे ते लहान चिन्ह : वर्तुळातील १० किंवा यू१ म्हणजे लेखनाचा किमान वेग १० मेगाबाइट, यू३ किंवा व्ही३० म्हणजे ३०, तर व्ही६० आणि व्ही९० म्हणजे अनुक्रमे ६० आणि ९०. वरील उदाहरणात व्ही३० पुरेसे आहे. याच वेगाने मिनिटाला ७५० मेगाबाइट खर्ची पडतात आणि ६४ जीबीचे कार्ड सुमारे ८५ मिनिटांत भरते.

वेळ अनिश्चित : उष्णता

कधी १५, कधी ४० मिनिटांनी, विशेषतः उन्हात चित्रीकरण थांबत असेल, तर कॅमेरा तापत आहे. आतील भागांना इजा होऊ नये म्हणून तो स्वतःच बंद होतो. कॅमेरा सावलीत ठेवणे, उघडणारा पडदा मूळ भागापासून दूर धरणे आणि दोन चित्रीकरणांच्या मध्ये कॅमेरा बंद करणे, याने फरक पडतो.

सर्वांत फसवा प्रकार

बनावट कार्डाच्या बाबतीत चित्रीकरण थांबतही नाही. त्याच्या नियंत्रक चिपमध्ये फेरफार करून प्रत्यक्षाहून मोठी क्षमता दाखवलेली असते. खरी जागा संपल्यावरही कॅमेरा लिहीत राहतो. फाइलींची नावे दिसतात, पण त्या उघडत नाहीत. म्हणून नवे कार्ड एकदा संपूर्ण भरून, संगणकावर उतरवून, शेवटची फाइल चालवून पाहावी.

कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचे, त्यातच ते फॉरमॅट करावे. मात्र त्याने सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून आधी प्रत घ्यावी. चित्रफीत चुकून पुसली गेल्यास त्या कार्डावर पुढे काहीही चित्रित करू नये. नवे चित्रीकरण जुन्या जागेवर लिहिले गेले नाही, तोवर ती परत मिळण्याची शक्यता असते.

समारंभाच्या आदल्या दिवशी तेच कार्ड, तीच बॅटरी आणि तीच चित्रगुणवत्ता ठेवून घरी पाऊण तास कॅमेरा चालू ठेवावा. तो थांबायचाच असेल तर तेव्हा थांबेल, आणि उपाय करण्यास एक दिवस हाती राहील.