साथीची खबर वेळेत कळावी म्हणून

एकाच गावातले जुलाबाचे चार रुग्ण वेगवेगळ्या दवाखान्यांत गेले, तर विहिरीचं पाणी तपासायला हवं हे कोणाला सुचणार? यासाठी भारतात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. आरोग्यसेविका लक्षणांवरून ‘एस’, डॉक्टर तपासून ‘पी’ आणि प्रयोगशाळा खात्री करून ‘एल’ नमुना भरत. हे आकडे आठवड्यातून एकदा वरिष्ठांकडे जात. पटकीसारख्या रोगाला आठवडा म्हणजे फारच मोकळीक! २०२१मध्ये देशभर सुरू झालेल्या नव्या संगणकप्रणालीत प्रत्येक रुग्णाची नोंद ठिकाणासह, जवळजवळ लगेच दिसते. मला खरी काळजी वाटते ती खाजगी दवाखान्यांची. कितीतरी रुग्ण आधी तिथेच जातात, आणि तिथून नोंद आलीच नाही तर नकाशावर ते गाव निरोगी दिसत राहतं.