सीट बदलण्याची घाई

मूल वर्षाचे झाले की मागे तोंड असलेली चाइल्ड सीट पुढे वळवायची, शाळेत जायला लागले की पट्ट्यांची सीट काढून बूस्टर आणायचा, सात-आठ वर्षांचे झाले की मोठ्यांचा सीटबेल्ट लावायचा, असा क्रम बहुतेक पालकांच्या मनात पक्का असतो. मूल मोठे झाल्याचे कौतुकही त्यात मिसळलेले असते. क्रम बरोबर आहे, चुकतात त्या तारखा. यातल्या प्रत्येक बदलात मुलाचे संरक्षण थोडे कमी होते. म्हणून पुढची सीट चालेल का हे विचारण्याआधी आत्ताची खरोखर लहान पडली आहे का, ते पाहायला हवे. कपडे वाढत्या अंगाचे घेतले तर फार तर बाह्या दुमडाव्या लागतात. सीटच्या बाबतीत ही सवय महागात पडू शकते.

गाडी समोरून आदळते तेव्हा ती थांबते, पण आतली शरीरे आधीच्याच वेगाने पुढे जात राहतात. पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. नवजात बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळपास चौथाई असते, मोठ्या माणसात हे प्रमाण सातवा-आठवा हिस्सा इतके उतरते. त्यातच लहान मुलाच्या मानेच्या मणक्यांचे काही भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात. उलट्या सीटमध्ये हाच धक्का पाठ, मान आणि डोके यांना एकाच वेळी टेकवून सीटची पाठ झेलते. ही कल्पना १९६० च्या दशकात स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना सुचली, ती जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून. स्वीडनमध्ये मुलांना चारेक वर्षांपर्यंत उलटे बसवण्याची शिफारस आजही आहे.

मग एक वर्षाची मर्यादा आली कुठून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची जुनी शिफारस किमान एक वर्ष आणि किमान ९ किलो अशी होती. त्यातला 'किमान' गळून पडला आणि वाढदिवस तेवढा लक्षात राहिला. २०११ मध्ये संघटनेने दोन वर्षे म्हटले. २०१८ मध्ये वयाची अटच काढून, सीटची उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत उलटेच बसवा, असे सांगितले. आपल्या बाजारातल्या अनेक सीटवरचे आकडे गोंधळात भर घालतात. युरोपच्या जुन्या आर-४४ मानकात उलट्या सीटचा गट १३ किलोपर्यंत आणि पुढे तोंड असलेल्या सीटचा गट ९ ते १८ किलो असा आहे. ९ ते १३ च्या मधल्या पट्ट्यात दोन्हींना परवानगी आहे आणि नेमकी घाई तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार मध्यम वाढीचा मुलगा ९ किलो गाठतो तो नऊ-दहा महिन्यांचा असतानाच. २०१३ मध्ये आलेल्या आर-१२९ मानकाने ही पळवाट बुजवली: माप उंचीवर नेले आणि १५ महिन्यांआधी पुढे तोंड करायला बंदी केली.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे पाय अवघडतात. मांडी घालून तासभर खेळणाऱ्या मुलाबद्दल ही काळजी मोठ्यांनाच जास्त वाटते. पायाच्या दुखापती पुढे तोंड करून बसलेल्या मुलांत अधिक दिसतात, कारण त्यांचे पाय समोरच्या सीटवर आदळतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, तो पुराव्याचा. उलटी सीट पाचपट सुरक्षित, असे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. ते २००७ च्या ज्या अभ्यासातून आले, तो आकडेवारीतल्या त्रुटींमुळे नंतर मागे घेतला गेला. फेरमोजणीत कल उलट्या सीटकडेच राहिला, पण जखमी मुलांची संख्या इतकी कमी होती की ठाम आकडा सांगता येईना. तेव्हा 'पाचपट' सोडून द्यावे. मुलाच्या शरीराची रचना आणि धक्क्याचे भौतिकशास्त्र मात्र त्या एका अभ्यासावर उभे नव्हते.

'शहरात गाडी कुठे एवढी पळते, आजी मांडीवर घेईल' हे सगळ्यात जास्त ऐकू येणारे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. एवढ्या वेगातले १० किलोचे मूल दशांश सेकंदात थांबवायचे तर सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो, तोही अचानक, सावध नसताना. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर हा वेग सहज गाठला जातो. खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. पण घाईने बदल करण्यात खर्च आधी होतो. आहे तीच सीट शेवटपर्यंत वापरणे हा स्वस्तातला मार्ग आहे.

पट्ट्यांच्या सीटवरून बूस्टरवर जाताना शरीराइतकाच स्वभावही पाहावा लागतो. खांदे वरच्या खाचेच्या वर गेले, कान सीटच्या माथ्यापर्यंत पोचले किंवा वजन मर्यादेबाहेर गेले, तर सीट लहान पडली. बूस्टर मात्र मुलाला बांधत नाही, फक्त उंच करतो, म्हणजे गाडीचा बेल्ट योग्य जागी बसतो. झोपेत कलंडणारे, बेल्ट काखेखाली सरकवणारे मूल चार वर्षांचे असले तरी त्याच्यासाठी तयार नसते.

शेवटचा बदल आपल्याकडे सर्वात लवकर होतो, आणि कायदा तिथे फारशी मदत करत नाही. मोटार वाहन कायद्यातले २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ब चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लावायला सांगते, न लावल्यास एक हजार रुपये दंड. 'किंवा' कधी कोणते, हे ते सांगत नाही. लहान मुलाच्या ओटीपोटाचे हाड बेल्ट अडवण्याइतके उभारलेले नसते. धक्क्यात कमरेचा पट्टा पोटावर चढतो आणि आतड्यांना, कण्याला इजा होते. अमेरिकेत मोठ्यांच्या बेल्टसाठी साधारण १४५ सेंटीमीटर उंची सांगतात, जी मूल अकरा वर्षांच्या आसपास गाठते. उंचीपेक्षाही खात्रीची कसोटी बसवून पाहण्याची: पाठ पूर्ण टेकून गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का, तळवे खाली टेकतात का, कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि खांद्याचा पट्टा मानेला न घासता छातीवरून जातो का, आणि पूर्ण प्रवासभर मूल तसेच बसते का. या पाचांतले एक जरी जमले नाही तरी बूस्टर राहू द्यावा. सीटची खोली गाडीगणिक वेगळी असते, त्यामुळे आपल्या गाडीत पाचही कसोट्या पार करणाऱ्या मुलाला मामाच्या गाडीत बूस्टर लागू शकतो.