बंजारा व मराठी समाज : यवतमाळ जिल्ह्यातील सांस्कृतिक देवाणघेवाण

लदणीच्या बैलांवरून धान्य व मीठ वाहणारी बंजारा (लमाण) जमात आणि वऱ्हाडातील मराठी कृषक समाज यांच्या दीर्घ सहवासातून घडलेला परस्परसंस्कार. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या तालुक्यांत तो ठळकपणे दिसतो. लमाण ही संज्ञा लवण (मीठ) या शब्दावरून आली, असे सामान्यतः मानतात. जमातीचे लोक मात्र स्वतःस ‘गोर’ व इतरांस ‘कोर’ म्हणवितात.

सतराव्या शतकात मोगल सैन्यास रसद पुरवीत बंजाऱ्यांचे तांडे दक्षिणेत उतरले. १८०३ च्या वेलस्लीच्या दख्खन मोहिमेतही धान्यपुरवठ्यासाठी त्यांचा उपयोग झाला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत आला, सडका वाढल्या व लदणीचा धंदा बसला. तांडे माळरानावर व डोंगरउतारांवर स्थिरावून शेती-मजुरी करू लागले. तांडा गावापासून काहीसा दूर वसे आणि त्याचा कारभार नाईक व कारभारी पाहत. या अंतरामुळेच शेती व आठवड्याच्या बाजारात नित्य संबंध येऊनही घरात गोरबोली टिकली.

गोरबोली राजस्थानी बोलींना जवळची असून तिला स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. तांड्यातील मूल शाळेत मराठी शिकते, पण गावातील मूल गोरबोली क्वचितच शिकते. म्हणून देवाणघेवाण हा शब्द येथे जपूनच वापरावयास हवा. आरसे व कवड्या जडविलेले फेटिया-कांचळी हे वस्त्र तरुण स्त्रियांत मागे पडून साडी रूढ झाली. वधूमूल्याच्या जागी हुंडा आला. हे अनुकरण स्त्रियांना महागात पडले. तीज, होळीची लेंगी गीते व सेवालाल महाराजांची भक्ती मात्र टिकून आहे. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी हे या भक्तीचे प्रमुख क्षेत्र होय.

पुसद तालुक्यातील गहुली येथे जन्मलेले वसंतराव नाईक (१९१३–७९) १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी विवाह केला. त्या काळी असा आंतरजातीय विवाह विरळाच. साहित्यात आत्माराम राठोड यांच्या तांडा या आत्मकथनाने तांड्याचे अंतरंग मराठी वाचकांपुढे आणले.

महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत गणले जातात, तेलंगणात अनुसूचित जमातींत व कर्नाटकात अनुसूचित जातींत. त्यामुळे पैनगंगेच्या दोन तीरांवरील एकाच कुळाच्या तांड्यांना शिक्षण व नोकरीतील सवलती वेगवेगळ्या मिळतात.