तीन टक्क्यांची नळी

नांदेडच्या देगलूर नाका भागातल्या एका गॅरेजात, जुन्या स्पार्क प्लगच्या डब्याशेजारी लोणच्याची एक बरणी असते. आत काळं झालेलं इंजिन ऑइल आणि त्यात बुडालेले रबराचे बोटभर तुकडे. ‘गाडीला कोल्ड एअर इनटेक बसवून द्या’ म्हणत येणाऱ्या पोरांना उस्ताद आधी ही बरणी दाखवतात, मोबाइलवरचे फोटो नंतर.

बॉनेटखालच्या तापलेल्या हवेऐवजी बाहेरची हवा इंजिनापर्यंत आणणारी नळी आणि तिच्या तोंडाशी फिल्टर, एवढाच हा प्रकार. थंड हवा दाट असते, तेवढ्याच जागेत प्राणवायू जास्त मावतो. किती जास्त? विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या एका गिऱ्हाइकानं हिशेब मांडून दिला होता: दर दहा अंशांमागे सुमारे तीन टक्के. तेव्हापासून हेल्पर पोरगासुद्धा ‘तीन टक्के’ म्हणतो. मे महिन्यात नांदेडला सावलीत पारा 42 अंशांवर जातो. रहदारीत अडकलेल्या गाडीच्या बॉनेटखाली तो 70 ओलांडतो. ‘तीन त्रिक नऊ,’ उस्ताद म्हणतात, ‘पण नळी चुकली की नऊचे शून्य.’

पोरांना हवा असतो चकचकीत ॲल्युमिनियमचा पाइप. तो हलका असतो, गंजत नाही आणि बॉनेट उघडल्यावर मित्रांच्या नजरेत भरतो. मात्र ॲल्युमिनियम उष्णता वाहून नेतं ते साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या जवळजवळ हजार पट. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटरवर 3000 आरपीएमला पळत असेल, तर 70 मिलिमीटर व्यासाच्या दोन फुटी नळीतून हवा सेकंदाच्या सोळाव्या भागात निघून जाते. एवढ्यात धातू तिला फारसं तापवू शकत नाही. वजिराबादच्या गर्दीत गाडी नुसती घुरघुरत उभी असते तेव्हा तीच हवा नळीत कितीतरी पट जास्त वेळ रेंगाळते आणि पाइप तिला शेकून काढतो. म्हणजे धातूचा तोटा होतो तो नेमका शहरात, जिथे ही पोरं गाडी फिरवतात.

शेतातल्या पीव्हीसी पाइपचा प्रयोगही इथे होऊन गेलाय. स्वस्त, कापायला सोपा, एल्बो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पण पीव्हीसी 60 अंशांच्या पुढे भरवशाचा राहत नाही, 80च्या आसपास मऊ पडतो. एका गाडीतला असा पाइप काढला तेव्हा तो एका बाजूनं चपटला होता आणि गॅरेजभर आंबूस, घशाला झोंबणारा वास पसरला होता. तो वास उस्तादांच्या बोलण्यात सारखा येतो.

मग रबर. रेडिएटरचा काळा होज मापात बसला की अनेक मिस्त्री तोच लावून मोकळे होतात. त्याचं ईपीडीएम रबर गरम पाणी वर्षानुवर्षं सोसतं, तेल मात्र सोसत नाही. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलकट वाफ तर इनटेकच्याच नळीत सोडलेली असते. बरणी त्यासाठी: ईपीडीएमचा तुकडा फुगून लिबलिबीत झालेला, नायट्राइल रबराचा होता तसाच. भारीतला रंगीत सिलिकॉन होज उष्णतेला पक्का, पण तेलाशी त्याचंही फार जमत नाही. उस्ताद तो देतात, पण ब्रीदरच्या तोंडापासून लांब.

लातूरच्या नांदेड रोडवरच्या गॅरेजांत प्रश्न वेगळा पडतो. इथे येतात त्या डिझेल पिकअप आणि जीपा. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की फिल्टर भुशानं आणि धुळीनं गच्च होतो. टर्बो हवा ओढतच राहतो आणि पातळ भिंतीची नळी आत चिपकते. इथले मिस्त्री म्हणूनच नळी बोटांनी दाबून निवडतात. आत तारेची स्प्रिंग असलेला किंवा कंगोऱ्यांचा होज पसंत करतात. जोड सैल राहिला, तर लोखंडाहून कठीण असलेला वाळूचा कण फिल्टर चुकवून आत शिरतो. सिलिंडरच्या भिंतीवर तो ओरखडे काढतो. तीन टक्क्यांचं इथे कुणाला कौतुक नाही. ‘क्लिप आवळली का ते बघा आधी,’ एवढंच.

दोन्हीकडे अडगळीत पडलेले असतात कंपनीचे मूळ काळे डबे. त्यांच्यावर बारीक अक्षरांत ‘पीपी-टीडी20’ कोरलेलं दिसतं: पॉलिप्रॉपिलीन, त्यात 20 टक्के टाल्क, म्हणजे उष्णतेत आकार न सोडणारं. बऱ्याच गाड्यांत या डब्याचं तोंड ग्रिलमागे, बाहेरच्या हवेतच उघडतं. म्हणजे थंड हवेची सोय कंपनीनं आधीच केलेली, दिसायला कुरूप एवढंच.

हे सगळं उस्ताद एका गिऱ्हाइकाला सांगतात. बरणी दाखवतात, डबा उलटा करून अक्षरं वाचून दाखवतात, तीन टक्के पुन्हा समजावतात. पोरगा शांतपणे ऐकून घेतो.

‘ते समदं बरोबर हाय, उस्ताद,’ तो म्हणतो. ‘पण ॲल्युमिनियमवाला लावल्यावर शिट्टी वाजंल ना?’

उस्ताद हेल्परला ॲल्युमिनियमचा पाइप आणायला सांगतात, वर गुंडाळायला उष्णतारोधक पट्टीही. पट्टीला पोरगा नको म्हणतो. चकाकी झाकली जाते.