'वहिनींच्या बांगड्या' आणि आमची इंदूरची घरे

इंदूरच्या एखाद्या जुन्या मराठी घरात 'वहिनींच्या बांगड्या' हे नाव नुसते काढून पाहावे. घरातल्या वडीलधाऱ्या बायका हातातले काम बाजूला ठेवतात. कोणी सुलोचनाबाईंच्या सोज्ज्वळ चेहऱ्याची आठवण काढते, कोणी आपल्या आईने पदराने डोळे पुसल्याचे सांगते. चित्रपट निघाला १९५३ साली. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली. आता त्याविषयी बोलणाऱ्यांपैकी कित्येकांनी तो पाहिलेलाही नाही, नुसता आईच्या किंवा मावशीच्या तोंडून ऐकला आहे. न पाहिलेल्या चित्रपटावर माणसांचा एवढा जीव जडावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

मूळ कथा य. गो. जोशी यांची. दिग्दर्शन शांताराम आठवल्यांचे. 'संत तुकाराम' चित्रपटासाठी त्यांनी रचलेला अभंग पुष्कळांनी खुद्द तुकोबांचाच समजला होता, हे रसिक वाचकांना ठाऊक आहेच. सुलोचनाबाई, विवेक अशी मंडळी पडद्यावर होती आणि संगीत सुधीर फडक्यांचे होते. गोष्ट साधी. आईवेगळ्या लहानग्या दिराला भावजय पोटच्या मुलासारखा वाढवते. तो मोठा होतो, त्याचे लग्न होते, आणि धाकटी सून घरात आल्यावर त्या मायेची ओढाताण सुरू होते. तेव्हाच्या एकत्र कुटुंबात ही गोष्ट कोणाला परकी वाटणार होती? आपल्याच ओसरीवरची वाटावी, अशीच ती होती.

आमच्या घरात तर ती जरा जास्तच जवळची. माझे वडील पोरवयातच होळकर दरबारात तबल्याच्या साथीला बसू लागले. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. पुढे शिकवण्या करून त्यांनी संसार चालवला. मी त्यांच्या पन्नाशीतला. थोरल्या दादाचे लग्न झाले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो आणि आई अंथरुणाला खिळलेली होती. मला न्हाऊमाखू घालणे, भरवणे, रडलो तर कडेवर घेऊन अंगणात फिरवणे, हे सारे नव्या नवरीच्या वाट्याला आले. आईने लग्नाआधी हा चित्रपट पाहिलेला. ती पडल्यापडल्या सुनेला त्याची गोष्ट सांगे आणि म्हणे, "आमच्या घरी बांगड्यांच्या वहिनी आल्या हो!" तेच नाव वहिनीला कायमचे चिकटले. आज वहिनी पासष्टीची आहे. ज्या चित्रपटावरून तिला हे नाव मिळाले, तो तिने अजून पाहिलेला नाही.

याच कथेवर १९६१ साली 'भाभी की चूडियाँ' हा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक सदाशिव राव कवी. मीनाकुमारी आणि बलराज साहनी त्यात होते, आणि संगीत पुन्हा फडक्यांचेच. पंडित नरेंद्र शर्मांचे 'ज्योति कलश छलके' लताबाईंनी गायिले ते याच चित्रपटात. लताबाईंचा जन्म १९२९ सालचा, आमच्या इंदुरातलाच. त्यामुळे हे गाणे इथल्या घराघरांत आपल्या लेकीचे म्हणून ऐकले जाते. त्या चालीला कोणी भूप म्हणतात, कोणी देशकार. दोन्ही रागांत सूर पाचच, आणि तेही तेच: सा, रे, ग, प, ध. पण भूपाचा जीव गंधारात आणि देशकाराचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरी शोभतो, दुसरा सकाळी. वर्गात हा भेद समजावून देताना मी हेच गाणे घेतो.

गेल्या वर्षी हा हिंदी चित्रपट मी वहिनीला दाखवला. ती शेवटपर्यंत हलली नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "छानच आहे रे बाळ. पण ही भाभी झाली. सासूबाई सांगायच्या ती वहिनी मला बघायचीय." सूर तेच असले तरी तिचे मन दुसऱ्या सुरावर ठरलेले होते. त्यावर मी काय बोलणार?

मराठी चित्रपट मात्र मला अजून मिळालेला नाही. ओळखीच्या संग्राहकांकडे विचारले, जुन्या दुकानांतून हिंडलो. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले, म्हणजे हा चित्रपट निघाल्यावर अकरा वर्षांनी. त्या काळात चित्रपटांच्या प्रती गावोगाव फिरत, यंत्रावर चढून चढून झिजत, आणि निकामी झाल्या की त्यांतली चांदी काढून घेण्यासाठी मोडीतही जात. कोणाच्या कपाटात काय उरले असेल, हे घरोघर विचारल्यावाचून कळायचे नाही. स्वतः सुलोचनाबाईही २०२३ साली गेल्या. त्या वेळी थिएटरात बसून त्यांना पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. थिएटरात मिळणारी गाण्यांची पुस्तिका, एखादी तबकडी, कोणाकडे चित्रपटाची प्रत, यांपैकी काही घरात असेल तर रद्दीत घालू नका. चांगली प्रत कोणाला ठाऊक असेल तर आपल्या मंडळांनी ती मिळवून एक खेळ लावावा. पुढच्या रांगेतली एक खुर्ची वहिनीसाठी मी आजच सांगून ठेवतो.