एका जुन्या बंगल्याची ओळख

मुलांनो, साखऱ्यासारख्या गावात फिरताना एखादे जुने घर तुमच्या पाहण्यात आले असेल. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, वर माळवद आणि दाराशी ढेलज. असे घर मोडकळीस आले, की लोक म्हणतात, "पाडून टाका आणि नवे बांधा." काही घरे पाडावीच लागतात. पण काही घरे राखून ठेवावीत, असे जाणकार सांगतात. ती का राखावीत आणि कशी राखावीत? हे समजण्यासाठी आपण मुंबईतील एका जुन्या बंगल्याची माहिती घेऊ.

'बंगला' हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही ठाऊक आहे. बंगालमधील घरांच्या धाटणीवरून हा शब्द आला. इंग्रजांनी तो आपल्या भाषेत नेला. ते अशा घराला 'बंगलो' म्हणू लागले.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्थानकाजवळ सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट ही प्रसिद्ध कलाशाळा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून ती १८५७ साली सुरू झाली. त्या वेळी इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी होती. या कलाशाळेच्या आवारात झाडांच्या सावलीत दगड आणि लाकूड वापरून बांधलेला एक बंगला आहे. अनेक वर्षे कलाशाळेचे अधिष्ठाता, म्हणजे प्रमुख, तेथे राहत असत. लोक त्याला 'किपलिंगचा बंगला' म्हणतात.

हे किपलिंग कोण? जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ साली इंग्लंडहून या कलाशाळेत शिकवायला आले. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरलेली चित्रे आहेत. ती त्यांच्याच कल्पनेतून साकार झाली. आज या बाजाराला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. ३० डिसेंबर १८६५ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव रुडयार्ड. रुडयार्डला सांभाळणारी आया आणि घरातील नोकर त्याच्याशी हिंदुस्थानी भाषेत बोलत. त्यामुळे लहानपणी त्याला इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी जवळची वाटे. मोठेपणी हाच मुलगा नामांकित लेखक झाला. मोगली आणि शेरखान यांच्या गोष्टींचे 'द जंगल बुक' हे त्याचे पुस्तक १८९४ साली प्रसिद्ध झाले. १९०७ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

बंगल्यापाशी रुडयार्डचा अर्धपुतळा आहे. त्याचा जन्म येथे झाला, अशी पाटीही आहे. पण अभ्यासकांनी शोध घेतला, तेव्हा वेगळीच गोष्ट पुढे आली. आज उभा असलेला बंगला १८८० नंतरचा आहे, असे ते मानतात. किपलिंग कुटुंब तर १८७५ सालीच मुंबई सोडून लाहोरला गेले होते. म्हणजे रुडयार्डचा जन्म याच परिसरात झाला असला, तरी तो या घरात झालेला नाही.

आणखी एक प्रश्न पुढे आला. रुडयार्ड किपलिंगने भारतावरील इंग्रजी सत्तेची बाजू घेतली होती. मग त्याच्या नावाचे संग्रहालय आपण का करावे, असे काही जणांनी विचारले. या बंगल्यात कलाशाळेच्या चित्रकारांची चित्रे ठेवावीत, असाही विचार मांडला गेला.

मग हा बंगला पाडून टाकावा का? नाही. घराची किंमत केवळ त्यात राहिलेल्या प्रसिद्ध माणसामुळे ठरत नाही. घर बांधणाऱ्या सुतारांचे आणि गवंड्यांचे कौशल्य त्यात असते. त्या काळी लोक कसे राहत, उन्हापावसापासून बचाव कसा करत, हे त्यावरून कळते. मात्र घराविषयी जे सांगायचे, ते खरे असले पाहिजे. चुकीची माहिती दुरुस्त करणे हाही जतनाचाच भाग आहे.

आता जतन कसे करतात ते पाहू. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लाकडाचे दोन मोठे शत्रू म्हणजे ओल आणि वाळवी. म्हणून छप्पर दुरुस्त करणे महत्त्वाचे असते. दुरुस्तीआधी घराची मोजमापे, नकाशे आणि छायाचित्रे तयार करतात. लाकूड कुजले असेल, तर सगळा खांब काढत नाहीत. कुजलेला भाग कापून तेथे त्याच जातीचे लाकूड जोडतात. जुन्या भिंतींना सिमेंटऐवजी चुन्याचा गिलावा देतात. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते. सिमेंटमुळे ती आतच कोंडते आणि भिंत खराब होते.

अशा इमारतींसाठी मुंबईत १९९५ साली खास नियम झाले. वारसा यादीतील इमारत परवानगीशिवाय पाडता येत नाही.

मुलांनो, तुमच्या गावातील जुन्या घराचे नाव अशा यादीत कदाचित नसेल. तरीही तुम्ही एक काम करू शकता. एखाद्या जुन्या घराचे चित्र काढा. आजी-आजोबांना विचारा, "हे घर कोणी बांधले? लाकूड कोठून आणले? ढेलजेत कोण बसत असे?" त्यांची उत्तरे वहीत लिहून ठेवा. ऐकलेली गोष्ट आणि खात्रीची गोष्ट मात्र वेगवेगळी लिहा. एखादे दिवशी ते घर पडेल, पण त्याची खरी माहिती तुमच्या वहीत जिवंत राहील.