रुंद होडी मागे का पडते?

मुलांनो, ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव आज कुठे आहे, ठाऊक आहे? घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात! त्या जलाशयात आता मासेमारी चालते. जाळं ओढताना कोळी एका बाजूला वाकतो. तेव्हा होडी कलंडून कसं चालेल? म्हणून ती रुंद हवी. पण रुंद होडी पळत नाही. असं का बरं?

घरच्या हौदात बघा (मोठं माणूस जवळ हवं हं!). सारख्या वजनाचे लाकडाचे दोन तुकडे घ्या. एक चौकोनी, दुसरा लांबट आणि दोन्ही टोकांना निमुळता. दोऱ्याने दोन्ही सारख्याच जोराने ओढा. चौकोनी तुकड्यापुढे पाणी फुगतं, मागे भोवरे फिरतात. नुसतं नाक टोकदार करून भागत नाही, मागेही पाणी अलगद जुळावं लागतं. माशाचं शेपटीकडचं अंग आठवा!

आणखी एक गंमत. चालती होडी स्वतःच लाटा उठवते. वेग वाढला की लाट लांबते. ती होडीपेक्षा लांब झाली की होडीचा मागचा भाग खळग्यात बसतो आणि नाक वर होतं. मग होडी आपल्याच लाटेचा चढ चढत राहते! साधारण हिशेब असा: लांबीच्या (मीटरमध्ये) वर्गमुळाला ४.५ ने गुणा. ४ मीटरच्या होडीला ताशी ९ किलोमीटर. पुढे दम निघतो.

आता नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ पाहा. एके काळी विहिरी खोदणारे दत्तू लष्करात गेल्यावर वल्हवायला शिकले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांनी २००० मीटर अंतर ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत कापलं आणि तेरावा क्रमांक मिळवला. म्हणजे ताशी सुमारे १७ किलोमीटर! अशी होडी असते साधारण ८ मीटर लांब. आपल्या हिशेबाने तिने तेराच्या आतच थकायला हवं. पण पाण्यालगत तिची रुंदी जेमतेम फूटभर, त्यामुळे लाट उठते अगदी थोडी. कयाकचंही तसंच. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांनी सीलच्या कातड्याची ही अरुंद होडी बनवली. शर्यतीतली एकट्याची कयाक ५.२ मीटरपेक्षा लांब चालत नाही.

शर्यतीच्या होडीचं बूड गोलसर ठेवतात, कारण त्याला पाणी कमी घासतं. पण ती वल्ह्यांच्याच आधाराने तोल सांभाळते. ती डिंभ्यावर नेली, तर जाळं पडायच्या आधी कोळीदादाच पाण्यात!